पातेरा

शिमग्याला डोंबिवलीहून दादा, वहिनी आणि पुतण्या आले होते. पुतण्या दहाएक वर्षांचा, दिसेल त्याबद्दल विचारणारा. त्या संध्याकाळी खालच्या मळ्यातल्या कुणग्याची, म्हणजे भातखाचराच्या तुकड्याची, भाजावळ लावायची होती, पेरणीआधी माती भाजायची होती, म्हणून तोही मागे लागून आला आणि मेरेवर, बांधावर, पाय सोडून बसला. थर रचून झाला होता. तळाला सुकं शेण, त्यावर ऐन आणि किंजळीचं कवळ, म्हणजे तोडून वाळवलेल्या फांद्या, त्यावर पातेरा, म्हणजे गळलेली सुकी पानं, मग गवत, आणि सगळ्यात वर मुठीने भुरभुरवलेली माती. बाबांनी धोतराचा सोगा धरून वारा कुठून येतोय ते पाहिलं, वाऱ्याच्या उलट बाजूने काडी लावली आणि बाजूला झाले. भाजावळीत ज्वाळा उठू द्यायची नसते. आग आतल्या आत, वाऱ्याच्या विरुद्ध, सरपटत पुढे जायला हवी. धूर मात्र भरपूर होतो, दाट, पिवळट, डोळ्यांत जाणारा. पुतण्याने थोडा वेळ ते सगळं पाहिलं आणि विचारलं, "काका, एवढं सगळं जाळायलाच गोळा केलंत?"

बाबा हसले. "होय तर! मगे काय त्येची भाजी करतलव?"

मी त्याला नीट समजावलं. तणाचं बी भाजून मरतं, राख खत म्हणून मुरते, माती भुसभुशीत होते, जूनमध्ये तरवा, म्हणजे भाताची रोपं, उपटताना मुळं तुटत नाहीत. त्याने "अच्छा" म्हटलं आणि मोबाइलवर धुराचा व्हिडिओ काढायला लागला. बायको पलीकडे घमेलं घेऊन उभी होती. कुठे धग वर आली की तिथे मूठभर माती टाकायची, हे तिचं काम. ती कोणाकडेही न बघता म्हणाली, "पोरान बरोबर इचारल्यान."

एवढंच. पुन्हा मातीची मूठ. पण ते वाक्य माझ्या मागे घरापर्यंत आलं, रात्री जेवताना समोर बसलं, आणि दादा मंडळी परत गेल्यावरही गेलं नाही. कारण मी जे उत्तर दिलं ते शेतीचं होतं, आणि बायकोने जो प्रश्न ऐकला तो वेगळाच होता.

पातेरा गोळा करणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. माघ उतरू लागला की काजू, आंबा, फणस पानं टाकायला लागतात. सकाळी दंव असतं तोवर पानं मऊ असतात, तेव्हा झाडली की चुरा होत नाही. म्हणून चहा घेऊन अंधारातच निघायचं. हिरांच्या लांब केरसुणीने ओढत आणायची, ढीग करायचा, हाऱ्यात, म्हणजे मोठ्या टोपलीत, पायाने दाबून भरायची, आणि डोक्यावरून मळ्यापर्यंत न्यायची. हारा दिसायला डोंगराएवढा आणि वजनाला काहीच नाही, असं लांबून बघणाऱ्याला वाटतं. तिसऱ्या फेरीला मान सांगते काय वजन आहे ते. शिवाय पातेऱ्यात फुरसं असतं. सुक्या पानांच्या रंगाचं, हातभर, हलत नाही, पळत नाही. आमच्याकडे बायका पानाला हात लावण्याआधी काठी आपटतात. बायकोची काठी वेगळी ठेवलेली आहे, माडाच्या बुंध्याला टेकवून. ती काठी तिथे नसली की समजायचं, ती मागच्या बागेत आहे.

कवळाचं काम पुरुषाचं, म्हणजे आता माझं एकट्याचं. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि ऐनावर चढायचं. शेंडा राखायचा आणि बाजूच्या फांद्या घ्यायच्या, म्हणजे झाड मरत नाही, पुढच्या वर्षी पुन्हा फुटतं. आमच्या मेरेवरचे ऐन वर्षानुवर्षं असे तासून तासून खांबासारखे उभे झालेत. बाबा अजून खालून सांगतात, ही घे, ती सोड. त्यांचे गुडघे गेले, पण झाडाची फांदी न् फांदी पाठ आहे. तोडलेलं कवळ आठवडे-आठवडे वाळत ठेवायचं, मग भारे बांधून कुणग्यात आणायचं. म्हणजे महिना-दीड महिना माणसं, कोयते, हारे, शेणी, सगळं एका कुणग्याकडे चाललेलं असतं, आणि मग एका संध्याकाळी काडी लावायची. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथे करडी राख, मध्ये मध्ये काळे ठिपके, आणि पायाला अजून लागणारी ऊब.

पुतण्याचा प्रश्न साहेबांनीही विचारला होता. उत्तर कोकणात याला राब म्हणतात, आणि एकोणिसाव्या शतकात जंगलखातं आलं तेव्हा या राबावरूनच लोकांचा आणि सरकारचा मोठा खटका उडाला. माणसं झाडं ओरबाडतात आणि जाळून टाकतात, असं सरकारचं म्हणणं. ठाणे-कुलाब्यातली तक्रार इतकी वाढली की मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, त्याचा अहवाल १८८७ चा. पुढे व्होल्कर नावाचे एक रसायनशास्त्रज्ञ विलायतेहून हिंदुस्थानची शेती बघायला आले. १८९३ च्या त्यांच्या अहवालात राबाची दखल आहे, आणि त्यांनी ही पद्धत अडाण्यांचा खेळ म्हणून उडवून लावलेली नाही. मला हे वाचून जरा बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हरकत नाही. पण त्या अहवालांत कवळ किती, राख किती, उतारा किती याचा हिशोब असतो. पातेरा कोणी आणला, हे त्यात कुठून येणार?

भाजावळ हे एक काम झालं. या दिवसांत आमच्याकडे बारा कामं एकमेकांच्या अंगावर चढून येतात, आणि प्रत्येकाला आपलाच घोडा पुढे काढायचा असतो. शहरातली माणसं वसंत म्हणतात तेव्हा त्यांना काय दिसतं ते मला कळतं. मलाही दिसतं. कुसुंबाची तांबडी पालवी, पांगाऱ्याची फुलं, आंब्याच्या मोहराचा तो चिकट वास. पण ते दिसतं ते जाता-येता, डोक्यावर काहीतरी असताना.

परड्यात आमचं सुरंगीचं जुनं झाड आहे. सुरंगी म्हणजे वेंगुर्ल्याचीच, त्यातही आसोलीची माणसं सांगतील की खरी आमचीच. तिची फुलं पानांत येत नाहीत, थेट जुन्या फांदीला चिकटून झुपक्याने येतात. कळी पांढरी, मोत्याएवढी. उमलली की आत पिवळे केसर. वळेसराला, म्हणजे गजऱ्याला, कळी लागते, म्हणून उन्हं यायच्या आत काढायची. मुलगी बारावीची परीक्षा असूनही पहाटे शिडीवर होती, मी "अभ्यास कर" म्हटलं तर म्हणाली, झाडावर वाचलेलं लक्षात राहतं. खाली जुनी लुगडी पसरलेली, त्यावर टपटप कळ्या, आणि डोक्यावर मधमाश्यांचा एकसारखा आवाज. त्या चावत नाहीत, त्यांना वेळ नसतो. बोटं पिवळी होतात, कपड्यांवरचा पिवळा डाग जात नाही. वासाचं वर्णन मी करत नाही. तो गोड आहे, आणि जरा जास्तच आहे. दुपारपर्यंत डोकं दुखायला लागतं. आई आणि बायको पडवीत बसून वळेसर गुंफतात, नऊच्या एसटीने ते वेंगुर्ल्याच्या बाजारात पोचले पाहिजेत. बाराच्या उन्हानंतर त्यांना कोणी विचारत नाही. उरलेली फुलं सुकवायची. सुकी सुरंगी व्यापारी किलोवर घेतो, अत्तरवाल्यांना पाठवतो म्हणे. सुकली की तिचं वजन इतकं उतरतं की पिशवी हातात घेतल्यावर क्षणभर वाटतं, कोणीतरी आपल्याला फसवलं.

मग काजू. यावर मी पानंच्या पानं लिहीन, कारण आमचं घर खरं तर काजूवर चालतं, भातावर नाही. वरच्या भरडावर, म्हणजे वरकस जमिनीवर, बाबांनी लावलेली वेंगुर्ला-४ ची कलमं आहेत. इथल्याच फळ संशोधन केंद्राने १९८१ मध्ये दिलेली जात. मिदनापूर रेड आणि वेतोरे-५६ यांच्या संकरातून ती झाली, म्हणजे बंगालचं स्थळ आणि आमच्या तालुक्यातलं वेतोरं. बाबा हे प्रत्येक पाहुण्याला सांगतात, आणि सोयरीक स्वतः जमवल्याच्या थाटात सांगतात. फेब्रुवारीच्या शेवटी बी हिरवी, कोवळी असते तेव्हाच ओले काजूगर निघतात. सुरीने बी मधोमध चिरायची, टोकदार काडीने गर अख्खा उचलायचा, कोमट पाण्यात टाकून साल काढायची. गर मोडला की शेकड्यात धरत नाहीत. ओले गर शेकड्यावर विकले जातात, आणि शिमग्याच्या आधी भाव चढलेला असतो, कारण मुंबईकरांना उसळ हवी असते.

आईचा हात या कामात असा बसलाय की ती गप्पा मारताना बीकडे बघतही नाही. सालीतला डिंक अंगाला लागला की कातडं भाजतं. हाताला आधी खोबरेल चोळायचं, वर राख. तरी आठवड्याभरात बोटांची टोकं काळी पडतात, मग सोलतात, मग नवं गुलाबी कातडं येतं आणि तेही काळं पडतं. लग्नकार्यात आई हात पदराखाली ठेवते. एकदा मी हातमोजे आणून दिले. तिने ते घालून दोन बिया चिरल्या आणि मोजे शेणाला ठेवले. मोज्यातून गर कळत नाही म्हणाली.

हे पैसे आईचे. घरात यावर कोणी लिहिलेला नियम नाही, पण मी लहान असल्यापासून असंच आहे. सुक्या बीचे पैसे बाबांकडे, आता माझ्याकडे, आणि ओल्या गरांचे तिच्याकडे. बाबांनी मागे एकदा पंपाच्या दुरुस्तीसाठी त्यातले मागितले, तर तिने दिले, पण देताना म्हणाली, "माजे पैशे आसत ते, ध्यानात ठेवा." तिने त्या पैशांतून काय काय केलं याची यादी आम्हाला कधी मिळाली नाही. माझ्या बहिणीच्या बाळंतपणात अचानक सोन्याची बाळलेणी निघाली, तेव्हा थोडा अंदाज आला. सुक्या बीचं गणित मात्र दरवर्षी तेच रडगाणं. आफ्रिकेतून बी जहाजाने येते, कारखानदार ती घेतात, आणि इथला व्यापारी आम्हाला दर सांगताना आभाळाकडे बघतो. सरकारने मध्ये किलोमागे दहा रुपये जाहीर केले होते, तेव्हा कागद गोळा करता करता बियांना मोड यायची वेळ आली.

आणि बोंडू. बी पिळून घेतली की बोंडू झाडाखाली तसाच. तांबडे, पिवळे, रसाने फुटलेले, त्यावर माश्या. दुपारच्या उन्हात त्यांना आंबूस वास सुटतो, आणि सगळा भरड किंचित प्यालेला वाटतो. तेरेखोल ओलांडलं की पलीकडे गोव्यात याचीच फेणी होते, बाटलीवर लेबल लागतं. आमच्या बाजूला बोंडू गुरं खातात आणि संध्याकाळी गोठ्याकडे येताना वाट चुकतात.

कुळीथ काढून झोडायचे होते, ते एका दुपारी उरकले.

आता दादाबद्दल. मी गावात राहिलेला भाऊ आणि तो गेलेला, एवढ्यावर लोक आमची गोष्ट ठरवून टाकतात. तशी ती नाही. तो गेला तेव्हा घरात पैशाची गरज होती, आणि माझं कॉलेज त्याच्या पगारावर झालं. तो दर शिमग्याला आणि गणपतीला येतो, आला की कपडे बदलून थेट गोठ्यात जातो. यंदाही भाजावळीच्या कुणग्यात त्याने शेणाचे हारे टाकले, कमरेत उसण भरेपर्यंत. आमच्यात वाईटपणा नाही. पण तो येतो तेव्हा जे असतं ते बघतो, आणि तो नसताना जे होतं ते त्याला दिसायचा प्रश्नच येत नाही. तो येतो तेव्हा होळी उभी असते, पोरं "शबय" मागत दारात येतात, नेरूरला रोंबाट, शिमग्याची मिरवणूक, बघायला जायचा बेत असतो, ताटात काजूगरांची उसळ आणि कुयऱ्याची, कोवळ्या फणसाची, भाजी असते. मग मे महिन्यात आंब्याची पेटी त्याच्या दारात पोचते, आतल्या गवताचा वासही डोंबिवलीत पोचतो. मधला फाल्गुन-चैत्र तो फोनवर ऐकतो. "काय चाललंय?" "काही नाही, पातेरा." खरंच, दुसरं काय सांगणार? पातेऱ्याला बातमी नसते.

या दिवसांतली आमची बरीचशी कामं काहीतरी घडू नये म्हणून करायची असतात. कौलं परतायची, कशासाठी, तर जूनमध्ये गळू नयेत. बागेभोवती जाळरेषा काढायची, वणवा आत येऊ नये. लाकूडफाटा मांगरात रचायचा, तो भिजू नये. कातळावरचं गवत वेळेत कापायचं, नाहीतर कोणीतरी टाकलेल्या विडीने सगळा डोंगर पेटतो. शेजारच्या वाडीत असाच वणवा लागला आणि हाताशी आलेली काजूची बाग दुपारच्या जेवणाच्या वेळात काळी झाली. बाग जळली तर पंचनामा होतो. वाचली तर काहीच होत नाही, जाळरेषा काढणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तेवढंच. म्हणून भाजावळ लावतानाही बाबा वाऱ्याला इतके भितात. "वारो पडांदे, मगे लाव," हे वाक्य मी जन्मापासून ऐकतोय. पुतण्या कंटाळून तीनदा "आता?" म्हणाला आणि बाबा तीनदा सोगा धरून उभे राहिले.

बायकोचं म्हणणं त्या रात्री नीट बाहेर आलं. भांडण नाही, भाकरी भाजता भाजता. म्हणाली, भात करायचंच तर करूया, पण कशासाठी करतो ते एकदा बोला तरी. नांगरणी आता पॉवर टिलरची, तासावर भाडं. लावणीला बायका मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी, चहा, नाश्ता, जेवण. पीक तयार झालं की रानडुकरं, आणि दिवसा केल्डी, म्हणजे माकडं. हातात येतं त्याला बाजाराच्या भावाने मोजलं तर आमच्या स्वतःच्या मजुरीला शून्य लावूनही तोटा. रेशनवर तांदूळ फुकट मिळतो. तिचा एकही आकडा चुकीचा नव्हता. हिशोबाची वही तीच लिहिते.

बाबा ऐकत होते. त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, रेशनच्या तांदळाची पेज होत नाही. हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. आमच्याकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज लागते, तांबूस, जाड, मिठाचा खडा टाकलेली, बाजूला सुकं किंवा लोणच्याची फोड. भात चुलीवर मोठ्या हंड्यात उकडायचा, खळ्यात वाळवायचा, मग गिरणीत. त्या दिवशी सगळ्या वाडीला कळतं कोणाच्या घरी भात उकडताहेत. बाबांना बाजारातला उकडा चालत नाही. आईला चालतो, पण ती तसं त्यांच्यासमोर बोलत नाही. मला? मला दोन्ही चालतात. पण मळा ओस ठेवला तर पहिल्या वर्षी टाकळा, दुसऱ्या वर्षी रानमोडी, तिसऱ्या वर्षी आकेशिया. चौथ्या वर्षी एखादा दलाल गाडी लावून मेरेवर उभा राहतो आणि विचारतो, पडीकच आहे ना? आमच्या खालच्या अंगाला असे तीन मळे आहेत, त्यांच्या मेरी आता सापडत नाहीत. तेव्हा मी भात करतो यात पेज किती आणि ती भीती किती, मला वेगळं करून सांगता येत नाही. बायकोला मी हेच म्हटलं. ती म्हणाली, "मगे तसा सांगा. खताचा कशाक सांगतास?"

बोलणं तिथेच थांबलं नाही, हे बरं झालं. गेल्या वर्षी गावात कृषी सहायकांची सभा होती, तिला पुरुषांत आमच्या घरातून कोणी गेलं नाही, ती गेली. गादीवाफ्यावर तरवा करा, भाजायची गरज नाही, असं तिथे सांगितलं होतं. माती भाजल्याने तिच्यातला कुजलेला पाला जळून जातो, म्हणजे जे खत व्हायचं तेच धूर होऊन जातं. कर्जतकडे नेरळच्या सगुणा बागेतून निघालेल्या पद्धतीचंही तिथे सांगितलं. त्यात तर नांगरणी नाही, चिखलणी नाही, लावणीच नाही, वाफ्यावर थेट टोकणी. बायकोने सगळं वहीत लिहून आणलं होतं, काजूच्या हिशोबाच्या मागच्या पानावर. ती वही तिने त्या रात्री बाबांपुढे ठेवली. बाबांनी चष्मा लावला, वाचलं, आणि म्हणाले, आमच्या मळ्यात पाणी साचतं, वाफा वाहून जाईल. त्यातही तथ्य आहे. आमच्याकडचा पाऊस वहीतल्या पानाला विचारून पडत नाही.

शेवटी तडजोड निघाली ती अशी, की खालचा कुणगा भाजून झालाच होता, तो तसाच. वरचा छोटा कुणगा बायकोचा. त्याचं कवळ तोडायचं नाही, पातेरा जाळायचा नाही. पातेरा तरीही आणायचा, पण गोठ्याच्या मागच्या खड्ड्यात टाकायचा, शेणाबरोबर कुजायला. म्हणजे हारा डोक्यावर आहेच. हे मी बोलून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, आहे ना, पण जूननंतर तो खड्ड्यात दिसेल तरी. रोहिणी लागल्या की दोन्हीकडे एकाच दिवशी पेरायचं. तण कुठे जास्त येतं, ते बाबा मोजणार. ते मोजायला बसतील यात मला शंका नाही, आणि वरच्या कुणग्यात जास्त निघावं अशी त्यांची इच्छा आहे यातही नाही.

पाडव्याला गुढी उतरवली आणि खड्ड्यात पहिले हारे पडले. भाजावळीच्या कुणग्यातली राख तेवढ्यात एका अवेळी आलेल्या सरीने बसून गेली. बाबांना ते आवडलं नाही. आंब्याला त्या सरीने डाग पडले ते कोणालाच आवडलं नाही. मुलीची परीक्षा संपली, तिने सुरंगीच्या शेवटच्या फुलांचे पैसे आजीशी वाटून घेतले, निम्मे-निम्मे, आणि आजीने तिला आपल्या डब्याची जागा दाखवली म्हणे. आम्हाला नाही सांगितली. रतांबे अजून हिरवे आहेत. कौलं परतायला जो येतो त्याने अक्षय तृतीयेनंतरचा वार दिलाय, म्हणजे तो मेच्या शेवटी येणार. तोवर आभाळ कसं वागेल ते बघायचं.

परवा दादाचा फोन होता, पेट्या किती निघतील विचारायला. फोन बायकोने घेतला होता. आंब्याचं सांगून झाल्यावर तिने त्याला सरळ सांगितलं, भावजी, पुढच्या वर्षी शिमग्याला उशिरा आलात तरी चालेल, पण माघात या, आठ दिवस, पोराला घेऊन. कवळ तोडायचं असतं, पातेरा असतो. उसळ तेव्हा मिळणार नाही, काजू झालेले नसतात. पलीकडे जरा वेळ काही बोलणं ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, शाळा असते गं, रजाही बघावी लागेल, पण बघतो. फोन स्पीकरवर होता. बाबा पडवीतून ओरडले, "रजा गावली तर आदी कळव रे. दुसरो कोयतो कुडाळाक धार लावूक देवचो लागतलो."